काळी माती वर, भरड थर खाली: पाणी कुठे थांबतं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात उकणी, कोलारपिंपरीच्या उघड्या कोळसा खाणींकडे जाणाऱ्याला खाणीतून काढलेल्या माती-दगडांचे डोंगर दिसतात. पावसाचं पाणी त्यांत खोल मुरू नये, यासाठी थरांचं आच्छादन हा एक उपाय आहे: खाली भरड थर, वर बारीक माती.

बारीक मातीची सूक्ष्म छिद्रं पाणी घट्ट धरतात. ती जवळजवळ भरेपर्यंत पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरत नाही!

उघडीप मिळाली की गवताची मुळं तेच पाणी शोषून हवेत सोडतात. थरात साठलेलं १ मिलिमीटर पाणी म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर.

यवतमाळची काळी माती पाणी भरपूर धरते, पण उन्हाळ्यात भेगाळते. पहिला पाऊस भेगांतून थेट खाली जातो. म्हणून थराची जाडी आणि गवत दोन्ही महत्त्वाची.

तुमच्या शेतात काळ्या मातीखाली असाच भरड मुरूम किती खोलीवर लागतो?