स्क्रीनवरची अक्षरं मुंगीएवढी दिसतात? आधी स्केल बघा

मैत्रिणींनो, संघाच्या कार्यालयात नवा लॅपटॉप किंवा मोठा मॉनिटर आला की चित्र लख्ख दिसतं, पण हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर उघडलं की अक्षरं एकदम बारीक! मग लेखापाल ताई स्क्रीनला नाक लावून बसतात. ३ चा ८ वाचला जातो, मुद्दलाची रक्कम व्याजाच्या रकान्यात जाते, आणि बोलणी खावी लागतात ती ताईंना. दोष त्यांचा नाही, यंत्रही बिघडलेलं नाही.

रांगोळीचे ठिपके आठवा. तेच दहा ठिपक्यांचं फूल, पण ठिपके जवळजवळ दिले तर फूल लहान होतं ना? स्क्रीनवरचं अक्षरही ठिपक्यांचंच असतं. विंडोजवरची जुनी सॉफ्टवेअर एका इंचात ९६ ठिपके धरून बनवलेली. आताच्या २७ इंची फोर-के मॉनिटरवर इंचाला साधारण १६३ ठिपके बसतात. फुल एचडी असलेल्या १४ इंची लॅपटॉपवरही जवळपास तेवढेच. ठिपके दाटले, म्हणून अक्षर आक्रसलं.

यावर बरेच जण रिझोल्यूशन कमी करून देतात. तसं करू देऊ नका. अक्षर मोठं होतं खरं, पण झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं पुसट दिसतं आणि डोळे जास्तच शिणतात. रिझोल्यूशनपुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलेलं असतं, तेच राहू द्या. बदलायचं ते स्केल.

विंडोज १० किंवा ११ असेल तर स्क्रीनवर मोकळ्या जागी माऊसचं उजवं बटण दाबा, ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडा. तिथे ‘स्केल’ सापडेल. १०० असेल तर १२५ करून बघा, तरी बारीक वाटलं तर १५०. नंतर एकदा साइन आउट करून परत आत या, कारण काही सॉफ्टवेअर त्याशिवाय ऐकत नाहीत. लहान स्क्रीनवर स्केल फार वाढवलं तर ‘सेव्ह’चं बटण खाली गडप होतं. तसं झालं तर एक पायरी मागे या.

एवढं करूनही हिशेबाचं सॉफ्टवेअर हट्ट धरून बारीकच राहिलं, तर ते बंद करा. त्याच्या चिन्हावर उजवं बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’, त्यात ‘कम्पॅटिबिलिटी’, मग ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’. सगळ्यात खाली ‘ओव्हरराइड’ने सुरू होणारी चौकट आहे. तिच्यावर टिक करा आणि यादीतून ‘सिस्टिम एन्हान्स्ड’ निवडा. काही सॉफ्टवेअरमध्ये यानेही फरक पडत नाही किंवा रकाने वेडेवाकडे होतात. तेव्हा नुसतं ‘सिस्टिम’ घ्या. अक्षर थोडं मऊ दिसेल, पण वाचता येईल.

वेबसाइटवर काम असेल तर एवढा खटाटोप नको. कंट्रोल दाबून अधिकचं चिन्ह दाबा, अक्षर वाढतं. कंट्रोल आणि शून्य दाबलं की पुन्हा पहिल्यासारखं.

चाळिशीनंतर जवळचं कमी दिसायला लागतं, तेव्हा डोळे तपासून घ्यावेतच. पण आमच्या मते खरी गरज लेखापाल ताईंपुरती नाही. बैठकीत नोंद होताना शेजारी बसलेल्या सदस्याला स्वतःचं नाव आणि भरलेली रक्कम वाचता आली पाहिजे. चूक तिथल्या तिथे सापडते, तीन महिन्यांनी पासबुक जुळवताना डोकं धरायची वेळ येत नाही.

बैठकीसाठी लॅपटॉप टीव्हीला जोडणार असाल तर लक्षात असू द्या, प्रत्येक स्क्रीनचं स्केल वेगळं असतं. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये वर १ आणि २ असे चौकोन दिसतात. आधी टीव्हीचा चौकोन निवडा, मग त्याचं स्केल वाढवा. चौकोन एकच दिसत असेल तर विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ घ्या.