भूमिहीनांची सामाईक रब्बी शेती

भाताची कापणी संपली की शहापूर व मुरबाड तालुक्यांत दोन गोष्टी घडतात. उंबरमाळीसारख्या गावांभोवतालची बरीचशी खाचरे मोकळी पडतात. आणि भूमिहीन कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांची वाट धरतात. जमीन आहे तेथे हात नाहीत, हात आहेत तेथे जमीन नाही. या दोहोंचा मेळ घालावयाचा एक मार्ग म्हणजे गटाने केलेली सामाईक शेती होय.

केरळात १९९८ साली सुरू झालेल्या कुटुंबश्री योजनेतील स्त्रियांनी गट करून पडीक शेते खंडाने घेतली व भात, भाजीपाला पिकविला. आपल्याकडेही चार ते दहा जणांचा संयुक्त देयता गट एकमेकांच्या हमीवर बँकेकडे कर्ज मागू शकतो. त्यासाठी जमीन तारण द्यावी लागत नाही.

पहिल्या वर्षी वालाचे पीक घ्यावे. कापणी होताच, खाचरात ओल असतानाच पेरणी केल्यास ते बहुतांशी त्या ओलीवर निघते. भाजीपाल्याचा विचार पाण्याची खात्री झाल्यावरच करावा. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घातल्यास थोडे पाणी अडते.

जमीनमालक बिचकतो तो कुळकायद्यामुळे. १९४८ च्या या कायद्यान्वये १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारी कुळे मालक ठरली. मालकाची ही भीती हसण्यावारी नेऊ नये. ग्रामसेवकांनी दोन्ही पक्षांना तहसील कार्यालयात नेऊन कायदा समजावून घ्यावा आणि क्षेत्र, मुदत व खंड लेखी ठरवावा. तोंडी बोलीवर विसंबू नये.

ज्या आदिवासी कुटुंबाची वनजमिनीवरील वहिवाट १३ डिसेंबर २००५ पूर्वीची आहे, त्याने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेकडे दावा अवश्य करावा. खंडाची शेती ही त्या हक्काची जागा घेऊ शकत नाही.

गट मोडतो तो बहुधा वाटणीवरून. म्हणून रोजची हजेरी वहीत मांडावी व ती सर्वांसमोर वाचावी. समजा, सर्वांचे मिळून २०० दिवस भरले आणि खर्च व खंड वजा जाता ४० पायली वाल उरला. तर पाच दिवसांस एक पायली पडते. ज्याचे ५० दिवस भरले, त्यास १० पायली मिळावी. पीक बुडाल्यास तोटाही याच हिशेबाने सोसावयाचा, हे आरंभीच ठरवावे.

वाल हाती येण्यास साडेतीन महिने लागतात आणि तोवर चूल पेटती राहिली पाहिजे. म्हणून सर्वांनीच एकदम भट्टी सोडावी असा आग्रह धरू नये. पहिल्या वर्षी क्षेत्र थोडे घ्यावे, घरातील एखाद्याने मागे राहावे आणि गावातील रोजगार हमीच्या कामाची मागणी वेळीच नोंदवावी. एक कुटुंब जरी उचल न घेता गावात राहिले, तरी त्याची मुले शाळेत राहतील. त्या हंगामाचे खरे उत्पन्न तेच समजावे.