गरोदरपणातली धडधड

बाभुळगाव हे यवतमाळ-धामणगाव रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. अशा गावात गरोदर सुनेनं ‘छातीत धडधडते’ म्हटलं, की घरातल्या मोठ्या बाया म्हणतात, दिवस गेले की होतेच तसं. बहुतेकदा ते खरंही असतं. या काळात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, नाडी मिनिटाला १० ते २० ठोक्यांनी चढते. रक्त कमी असेल तर धडधड आणखी वाढते, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता.

पण धडधड एकाएकी सुरू होऊन एकाएकीच थांबत असेल, चक्कर येत किंवा दम लागत असेल, तर ईसीजी हवाच, आणि तोही धडधड चालू असतानाच. यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयात पोचेपर्यंत ठोके पूर्ववत झाले, तर तिथल्या डॉक्टरांच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की पहिली पट्टी जवळच्या दवाखान्यातच निघावी आणि कागदांसोबत पुढे जावी.

अशा धडधडीत सर्वांत जास्त आढळतो तो एसव्हीटी, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून उठणारे अतिजलद ठोके. आधी बाईला जोरानं कुंथायला लावतात. त्यानं भागलं नाही, तर कोपराजवळच्या मोठ्या शिरेत ॲडिनोसिन झटक्यात सोडून मागोमाग सलाइन ढकलतात. काही सेकंद छाती दाटते, जीव घाबरा होतो, पट्टीवर रेघ सपाट दिसते. मग ठोके ताळ्यावर येतात. औषध रक्तात काही सेकंदांतच निकामी होतं, त्यामुळे बाळाला धोका नसल्यातच जमा.

रोजच्या गोळ्यांत मेटोप्रोलॉल चालतं. ॲटेनोलॉल टाळतात, कारण बाळाचं वजन कमी भरतं. ॲमिओडॅरोनमध्ये वजनाच्या सुमारे ३७ टक्के आयोडीन असतं, ते बाळाच्या थायरॉइडला बाधतं. दुसरा उपायच उरला नाही तरच हे औषध देतात. रक्तदाब कोसळला, तर विजेचा झटका द्यायला कचरू नये. तो गरोदरपणात कधीही देता येतो. पाचव्या महिन्यानंतर बाईला किंचित डाव्या कुशीवर कलतं ठेवायचं, म्हणजे गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडत नाही. अमेरिकेतल्या हार्ट रिदम सोसायटीच्या २०२३ च्या सहमतीपत्रातही हेच आहे: पोटात बाळ आहे म्हणून आईचा उपचार अडवू नका.

मला जास्त काळजी वाटते ती संधिवाताच्या तापानं झडप आखडलेल्या बाईची. लहानपणी घसा वारंवार दुखला, एवढंच तिला आठवत असतं. ठोके अनियमित आणि जलद झाले, की आखडलेल्या झडपेतून रक्त पुढे जायला वेळच मिळत नाही. ते मागे फुप्फुसांत तुंबतं आणि बाईला आडवं पडवत नाही. इथे ठोक्यांची गती आवरावी लागते, गुठळी टाळायला हेपॅरिन द्यावं लागतं, कारण ते वारेतून पलीकडे जात नाही. गरज पडल्यास बाळंतपणाआधीच फुग्यानं झडप रुंद करतात. प्रसूतीनंतर गर्भाशय आवळून रक्त एकदम हृदयाकडे परततं, म्हणून पहिले दोन दिवस तिच्यावर बारीक नजर ठेवावी लागते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते. छातीला स्टेथोस्कोप लावून झडपेचा आवाज ऐकायला त्याहून चांगला दिवस नाही.