बिब्ब्याचे उतणे : कारणमीमांसा, प्रतिबंध व उपचार

सुरळीत चाललेल्या कामात कोणी विघ्न आणले, तर त्याने ‘मध्येच बिब्बा घातला’ असे आपण म्हणतो. ज्या फळावरून हा वाक्प्रचार रूढ झाला ते फळ महाराष्ट्रातील घराघरांत परिचित आहे. बाळंतिणीच्या औषधांत त्याला स्थान असते, टाचेच्या भेगांवर त्याचे तेल लावतात, आणि दुकानाच्या दारावर लिंबू-मिरचीच्या जोडीने तेही टांगलेले दिसते. परंतु हे फळ ज्या झाडाला लागते ते झाड रानात पाहून ओळखणारे सुशिक्षित गृहस्थ फार थोडे. विद्यापीठातील आपले विद्यार्थी वनस्पती, कीटक, खडक अथवा लोकजीवन यांच्या अभ्यासासाठी सातपुड्यात जातात ते बहुधा हिवाळ्यात. आणि बिब्ब्याची फळे पिकण्याचा काळही नेमका तोच. म्हणून बिब्बा अंगावर ‘उततो’ म्हणजे नेमके काय होते, ते टाळावे कसे आणि टळले नाही तर काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

क्षेत्रकार्यासंबंधीची जी इंग्रजी हस्तपुस्तके आपल्या ग्रंथालयांत असतात, त्यांत ‘पॉयझन आयव्ही’ या वेलीपासून सावध राहण्याची सूचना हटकून आढळते. ‘तीन पर्णिका दिसल्या की दूर राहा’ हा त्या सूचनेचा सारांश होय. ही वेल मुख्यतः उत्तर अमेरिकेतील असून ती खानदेशाच्या रानांत उगवत नाही. त्यामुळे तीन पर्णिकांचा नियम आपल्याकडे लावू गेल्यास निरुपद्रवी पळसालाच आपण भिऊ आणि खऱ्या शत्रूच्या सावलीत शिदोरी सोडून बसू. मात्र ती वेल आणि आपला बिब्बा ही दोन्ही एकाच आम्रकुलातील आहेत. आंबा, काजू आणि चारोळी हीही त्याच कुलातील. दोघांच्या दाहक द्रव्यांचे रासायनिक नाते तर इतके निकटचे आहे, की एकासंबंधी मिळालेले ज्ञान दुसऱ्यास बव्हंशी लागू पडते.

बिब्बा, म्हणजे सेमेकार्पस अ‍ॅनाकार्डियम, हा मध्यम उंचीचा पानझडी वृक्ष आहे. जळगाव जिल्ह्यात यावल व रावेर तालुक्यांचा डोंगराळ भाग, धुळे जिल्ह्यात शिरपूरकडील सातपुड्याची बाजू आणि १९९८ साली धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यातील डोंगर, अशा शुष्क पानझडी वनांत साग, सालई, धावडा यांच्या सोबतीने तो आढळतो. त्याचे पान साधे, म्हणजे पर्णिकांत न विभागलेले, चामड्यासारखे जाड आणि चांगले हातभर लांब असू शकते. ते टोकाकडे रुंद व देठाकडे निमुळते असून त्याची खालची बाजू फिकट राखी दिसते. पाने फांद्यांच्या टोकांशी दाटीने येतात. फळ सुमारे अडीच सेंटीमीटर लांबीचे, किंचित तिरपे, पिकल्यावर काळे व तुकतुकीत असते आणि ते नारिंगी रंगाच्या मांसल देठावर बसलेले असते. हा मांसल भाग खाद्य आहे, फळाच्या आतील गर म्हणजे गोडंबीही खाद्य आहे. परंतु या दोहोंच्या मधल्या कवचात जे दाट तेल साठलेले असते, तेच सर्व अनर्थाचे मूळ होय. साल खरवडली अथवा पान चुरगळले तरी झाडातून रस येतो, आणि हवा लागताच तो काळा पडतो. हे काळे डाग बिब्ब्याची सर्वांत भरवशाची ओळख समजावी.

आपल्या पूर्वजांना या गुणाची जाणीव पूर्ण होती. संस्कृत ग्रंथांत भल्लातकाला ‘अरुष्कर’, म्हणजे व्रण करणारा, आणि ‘शोफकृत्’, म्हणजे सूज आणणारा, अशी नावे दिलेली आहेत. चरकसंहितेत त्याच भल्लातकाचा रसायन म्हणून उपयोग सांगितला आहे, पण तो शोधनाचे व पथ्याचे कडक नियम घालून. पाश्चात्त्य शास्त्रीय नावात वेगळा गुण आला आहे : ‘सेमेकार्पस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘खुणेचे फळ’. कपड्यांवर न पुसणारी खूण करण्यासाठी परीट या फळाचे तेल चुन्याबरोबर वापरीत, त्यावरून हे नाव पडले.

या तेलाची रासायनिक परीक्षा पिल्ले व सिद्दिकी यांनी १९३१ साली प्रसिद्ध केली. त्यातील मुख्य द्रव्यास ‘भिलावनॉल’ असे म्हणतात. ‘भिलावा’ या बिब्ब्याच्या हिंदी नावावरून ते आले. कॅटेकोल या लहान रेणूला पंधरा कार्बन अणूंची लांब शृंखला जोडलेली असावी, अशी त्याची रचना आहे. जपानी लाखेच्या झाडातील ‘उरुशिऑल’ या द्रव्याची रचना रिको माजिमा या रसायनशास्त्रज्ञाने १९२२ पर्यंत निश्चित केली होती, आणि पॉयझन आयव्हीतील द्रव्येही त्याच वर्गातील ठरली. भिलावनॉल हे या कुटुंबातीलच होय. लांब शृंखलेमुळे ते स्निग्ध असते व त्वचेत सहज मुरते. नुसत्या पाण्याने ते निघत नाही.

येथवर वाचून बिब्ब्याचे तेल म्हणजे एखाद्या आम्लाप्रमाणे जाळणारे द्रव्य, असा समज होण्याचा संभव आहे. तो अर्धाच खरा आहे. ताज्या फळाचे दाट तेल अंगावर पडले तर ते कोणाचीही त्वचा जाळते. परंतु रानात अजाणता झालेल्या किंचित स्पर्शानंतर जे पुरळ येते, ते निराळ्या मार्गाने येते. त्वचेत शिरलेल्या भिलावनॉलचे क्विनोनात रूपांतर होते, आणि ते त्वचेतील प्रथिनांना घट्ट चिकटते. असे बदललेले प्रथिन शरीराला परके वाटते. त्वचेतील पहारेकरी पेशी त्याची वार्ता जवळच्या लसीकाग्रंथींपर्यंत पोहोचवितात, आणि तेथे त्या द्रव्याची ओळख पटलेल्या टी-पेशींची संख्या वाढू लागते. या सिद्धतेस साधारणतः एक ते तीन आठवडे लागतात, व बहुधा या अवधीत बाहेरून काहीही दिसत नाही. पुढे पुन्हा स्पर्श झाला म्हणजे या पेशी त्या जागी धावून येतात आणि एक ते तीन दिवसांत खाज, लाली, सूज व पाण्याने भरलेले फोड दिसू लागतात. म्हणजे उतणे हा विषाचा साक्षात परिणाम नसून शरीराला जडलेल्या स्मरणाचा परिणाम आहे.

हा एक मुद्दा नीट ध्यानी घेतला, तर पुष्कळशा गैरसमजांचे निराकरण आपोआप होते.

पहिला गैरसमज, ‘मला बिब्बा उतत नाही’ हा. मागे एकदा बिब्बा लावला होता, काही झाले नाही, असा दाखला त्यासाठी देण्यात येतो. पण पहिल्या वेळी काही न होणे हाच या विकाराचा क्रम आहे. तो दाखला निर्भयतेचा नसून कदाचित पूर्वतयारीचा असेल. दुसरा गैरसमज असा, की फोडांतील पाण्याने विकार पसरतो, म्हणून रोग्याला शिवू नये. फोडांतील द्रवात भिलावनॉल नसते. पुरळ चार-पाच दिवस नवनव्या जागी उठत राहते याचे कारण असे, की कोठे तेल कमी लागलेले असते, कोठे त्वचा जाड असते, आणि कित्येकदा न धुतलेले कपडे वा नखे यांतून नवे तेल लागत राहते. तिसरा गैरसमज कालक्रमाचा. पालच्या बाजूस रविवारी हिंडून आलेल्या विद्यार्थ्याच्या पापण्या मंगळवारी वसतिगृहात सुजल्या, तर तो सोमवारच्या जेवणाला दोष देतो. खरे कारण दोन दिवस मागे असते, आणि तेल लागलेली पिशवी त्याच्या खाटेखालीच असते.

या शेवटच्या मुद्द्याचे एक उद्‌बोधक उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात नमूद आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन लष्करी लोकांच्या अंगावर एक चमत्कारिक पुरळ दिसू लागले. ते मानेवर, कमरेवर असे ठराविक ठिकाणीच येई. लिव्हिंगुड, रॉजर्स व फिट्झ-ह्यू या डॉक्टरांनी १९४३ साली त्याचा उलगडा प्रसिद्ध केला : कपड्यांवर ज्या जागी परटाची बिब्ब्याची खूण होती, तिला भिडणारी त्वचाच तेवढी उतत होती. कपडे धुतले गेले तरी खुणेतील द्रव्याचा प्रभाव उरला होता. मायदेशी पॉयझन आयव्हीने ज्याचे शरीर पूर्वीच सिद्ध झालेले असेल, त्याला बिब्बा नवखा असूनही परका राहत नाही, हे रासायनिक नात्यावरून सहज उमगेल. याच न्यायाने बिब्बा उतलेल्या माणसाला काजूच्या कवचातील तेल, आंब्याचा चीक, किंवा सह्याद्रीच्या पावसाळी रानातील होलिगार्ना जातीचे वृक्ष हेही बाधण्याचा संभव असतो.

रानातील प्रत्येक खाज बिब्ब्याची नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. खाजकुइलीच्या शेंगेवरील केस टोचताच तत्काळ असह्य खाज सुटते. त्वचेत रुतलेले केस चिकटपट्टीने उपटून काढावेत व मग जागा धुवावी, चोळू मात्र नये. १९५०-६० या दशकाच्या मध्यास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले आणि पुढे देशभर पसरलेले गाजरगवत हेही संवेदनीकरणानेच बाधते. पण त्याचे सूक्ष्म कण हवेतून येत असल्याने चेहरा, मान, पापण्या असे उघडे भाग सरसकट उततात व विकार महिनोन्‌महिने चालतो. बिब्ब्याचे पुरळ मात्र बहुधा ओरखड्यासारख्या रेघांत किंवा ओघळाच्या आकारात उठते, आणि प्रत्यक्ष तेल लागलेल्या जागी काळसर डाग असतो.

आता प्रतिबंधाविषयी. पहिला उपाय ओळखीचा : सहलीच्या आरंभीच मार्गदर्शकाने सर्वांना एक बिब्ब्याचे झाड दुरून दाखवावे. स्थानिक पावरा किंवा तडवी वाटाड्या सोबत असल्यास त्याच्या सूचनेस पुस्तकापेक्षा अधिक मान द्यावा. पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब विजार व बंद पादत्राणे वापरावीत. वनस्पतींचे नमुने गोळा करताना जाड हातमोजे घालावेत व त्याच हातांनी चेहरा पुसू नये. झाडाखाली पडलेली फळे खिशात घालू नयेत, दगडाने फोडून तर मुळीच पाहू नयेत. कवच फुटताच तेल डोळ्यांपर्यंत उडते. शेकोटीसाठी अनोळखी लाकूड जाळू नये, कारण धुराबरोबर गेलेले दाहक कण चेहरा, घसा व श्वासनलिका यांना इजा करतात.

दुसरा उपाय त्वरेचा. भिलावनॉल प्रथिनांना चिकटण्यास फार वेळ लागत नाही. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत धुतल्यास पुष्कळसा लाभ होतो, अर्ध्या तासानंतर तो फार थोडा उरतो. म्हणून प्रत्येक तुकडीजवळ साबण व पुरेसे पाणी असावे. तेल दाट लागले असेल तर ते प्रथम कापडाने वा कागदाने टिपून घ्यावे, नंतर भरपूर साबण व गार पाण्याने पुनःपुन्हा धुवावे, नखांखाली विशेष काळजीने. मुक्कामी परतल्यावर कपडे वेगळे धुवावेत. चाकू, कात्री, काठी, पिशवीचे पट्टे हेही पुसून स्वच्छ करावेत. वाळलेले तेल निरुपद्रवी झाले असे समजू नये. त्याचा प्रभाव दीर्घकाळ टिकतो.

खोबरेल, तीळ, तूप किंवा कोथिंबिरीचा रस लावण्याचा घरगुती प्रघात आहे. त्यातील तेलाविषयी एवढे म्हणता येईल, की स्निग्ध द्रव्य स्निग्ध द्रव्यात विरघळते, म्हणून ताज्या डागावर तेल लावून ते कापडाने टिपणे सयुक्तिक आहे. मात्र त्यानंतर साबणाने धुतले नाही तर तेच तेल भिलावनॉलला अधिक विस्तृत जागा मिळवून देईल.

पुरळ उठल्यावर प्रथम गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात, नंतर कॅलामाइन लोशन लावावे. त्याने सौम्य विकारात पुरेसा आराम पडतो. फोड स्वतः फोडू नयेत, खाजवून जखमा करू नयेत. डॉक्टरांच्या सल्ल्याने आरंभीच लावलेले तीव्र स्टिरॉइड मलम दाह शमविते. मात्र ते चेहऱ्यावर स्वतःच्या जबाबदारीने लावू नये. अ‍ॅलर्जीच्या झोप आणणाऱ्या गोळ्यांनी रात्रीची निद्रा साधते, मूळ दाह हटत नाही. त्याच वर्गातील औषधांची व बधिरता आणणारी मलमे टाळावीत, कारण तीच कधी कधी नवे संवेदनीकरण घडवितात. चेहरा, डोळे किंवा जननेंद्रिये सुजली असतील, शरीराचा मोठा भाग व्यापला असेल, पू वा ताप आला असेल, अथवा धुरानंतर श्वासास त्रास होत असेल, तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे. अशा तीव्र विकारात पोटातून द्यावयाचे प्रेडनिसोलोन दोन ते तीन आठवडे, मात्रा क्रमशः कमी करीत, दिले जाते. चार-पाच दिवसांनी बरे वाटले म्हणून ते आपण होऊन थांबविल्यास विकार पुन्हा उसळतो. साधे पुरळ दोन-तीन आठवड्यांत आपोआपही ओसरते. त्वचेवरील काळसर छटा मात्र काही काळ राहते.

शेवटी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. गुडघा दुखला, पायात काटा मोडला, की सुईच्या टोकाला बिब्बा तापवून त्याचा ठिपका देण्याची रीत आपल्याकडे अद्याप आहे. भल्लातकाचे औषधी गुण हा संशोधनाचा विषय आहे आणि त्याचे शोधन जाणणाऱ्या वैद्याची गोष्ट निराळी. परंतु कच्च्या तेलाचा प्रत्येक ठिपका म्हणजे शरीराला त्या द्रव्याची ओळख करून देणे होय, आणि ही ओळख एकदा झाली म्हणजे शरीर ती सहसा विसरत नाही. त्वचेची सहनशक्ती अजमावण्यासाठी विद्यार्थ्यांनी स्वतःवर तेल लावून पाहणे हा तर निखालस अविचार ठरेल. ‘अरुष्कर’ हे नाव ठेवणाऱ्यांनी त्या एका शब्दात पुढच्या पिढ्यांना इशारा देऊन ठेवला होता. त्या इशाऱ्यामागील कारण आज आपल्याला कळले आहे, आणि त्याचा पहिला उपयोग साबणाची एक वडी सोबत ठेवण्यापासून व्हावा.