मांजाने कापलेले बोट आणि प्लेटलेटमधली एन्झाइमे

१४ जानेवारीला जयपूरच्या परकोट्यातली घरे रिकामी होतात आणि गच्च्या भरतात. हांडीपुऱ्याच्या बाजारातून आणलेले पतंग दिवसभर एकमेकांना काटतात, ‘वो काटा’चा गजर होत राहतो. येवल्याची संक्रांत पाहिलेल्या माणसाला यात परके काही वाटणार नाही. काचेची पूड लावलेल्या मांजाने बोट चिरणे हेही दोन्हीकडे नेहमीचेच. बहुतेकदा थोड्या वेळात रक्त थांबते आणि पोर पुन्हा आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, हातात घेते. तेवढ्यात बोटात काय काय घडलेले असते, ते समजून घेण्यासारखे आहे.

रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. एकेकीचा आकार जेमतेम दोन-तीन मायक्रॉन, आत केंद्रकही नाही. रक्तवाहिनी धड असेपर्यंत त्या नुसत्या वाहत राहतात. वाहिनीच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सतत झिरपत असते. त्यांच्यामुळे प्लेटलेटमधली ‘प्रोटीन काइनेज’ गटातली काही एन्झाइमे तिला आवरून धरतात.

मांजाने वाहिनी चिरली की अस्तराखालचे कोलॅजन उघडे पडते आणि प्लेटलेट त्याला चिकटते. मग आत एका पणतीने दुसरी पेटवावी तसा निरोप पुढे जातो. ‘सिक’ नावाचे काइनेज इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडते. त्यामुळे फॉस्फोलायपेज-सी कामाला लागते. साठवलेले कॅल्शियम पेशीभर पसरते. प्लेटलेट आपला आकार बदलते, एडीपी या निरोप्या रसायनाच्या पुड्या बाहेर टाकते. कॉक्स-१ या एन्झाइमच्या मदतीने थ्रॉम्बोक्सेन तयार होते आणि आसपासच्या प्लेटलेटना बोलावून घेते. शेवटी पृष्ठभागावरचे इंटिग्रिन हे प्रथिन उघडते, रक्तातले फायब्रिनोजेन पकडते आणि प्लेटलेट एकमेकींना घट्ट धरतात. त्यावर फायब्रिनची जाळी बसली की गुठळी पक्की होते.

नुसती संख्या पुरेशी नसते, हे ग्लान्झमान विकारात दिसते. त्यात प्लेटलेट मोजणीत पुरेशा भरतात. पण जन्मतःच इंटिग्रिन सदोष असल्याने रक्त थांबता थांबत नाही.

बोट वाचवणारी हीच यंत्रणा हृदयाच्या धमनीत चरबीचा थर फुटला तर तिथेही गुठळी करते आणि झटका येतो. म्हणून हृदयरोग्यांना अॅस्पिरिन देतात. ते कॉक्स-१ कायमचे निकामी करते. केंद्रक नसल्यामुळे प्लेटलेटला ते एन्झाइम पुन्हा पुरेसे बनवता येत नाही. त्यामुळे औषधाचा परिणाम तिच्या सात ते दहा दिवसांच्या आयुष्यभर टिकतो. प्रोस्टाग्लँडिन आणि त्यांच्याशी संबंधित थ्रॉम्बोक्सेन, प्रोस्टासायक्लिन यांसारख्या द्रव्यांवरच्या संशोधनासाठी बर्गस्ट्रॉम, सॅम्युएल्सन आणि व्हेन यांना १९८२चे नोबेल मिळाले.

तेव्हा संक्रांतीला बोट कापले तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग दाबून धरा. मध्येच उघडून पाहू नका, नुकतीच धरलेली गुठळी सुटते. गळ्यावरची जखम मात्र घरी थांबण्याची नव्हे. ती दाबून धरत थेट रुग्णालय गाठा. अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असणाऱ्यांचे रक्त थांबायला जास्त वेळ लागतो, हे घरच्यांनी ध्यानात ठेवावे. पण त्या भीतीने गोळी स्वतःहून बंद करू नये. आणि नायलॉन मांजा आणूच नका. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ सालीच त्यावर देशभर बंदी घातली आहे. अशा मांजाने चिरलेली गळ्याची मोठी शीर मिटवणे कुठल्याही प्लेटलेटच्या आवाक्यातले नाही.