सारखी जनुके, निराळ्या पेशी

फळमाशीच्या पाठीवर बारीक ताठ केसांच्या रांगा असतात. यांतील प्रत्येक केस म्हणजे स्पर्शाचे एक स्वतंत्र इंद्रिय होय. केसाला धक्का लागताच त्याच्या तळाशी असलेली चेतापेशी ती वार्ता चेतासंस्थेला पोहोचविते. केस, त्याची खोबण, चेतापेशी व तिचे आवरण ही सारी एकाच जनकपेशीची संतती आहे. या सर्वांना जनुके तीच मिळतात. मग एकीचा केस व दुसरीची चेतापेशी कशी होते, असा प्रश्न साहजिकच पडतो.

याचे उत्तर असमान वाटणीत आहे. विभाजनापूर्वी जनकपेशी 'नंब' नावाचे प्रथिन आपल्या पुढच्या कडेला गोळा करते. ही पुढची बाजू 'पार' प्रथिनांच्या साहाय्याने ठरते; त्यांची जनुके 1988 मध्ये केनेथ केम्फ्यूस व त्यांच्या सहकाऱ्यांना एका सूतकृमीत प्रथम आढळली. पेशी दुभंगली की नंब पुढच्या कन्यापेशीच्याच वाट्याला येते. दोन्ही कन्यापेशी 'नॉच' या ग्राही प्रथिनाद्वारे परस्परांचे संदेश घेतात. परंतु नंब त्या संदेशाचा प्रभाव रोखते. म्हणून पुढच्या कन्येपासून चेतापेशी व आवरण, तर मागच्या कन्येपासून केस व खोबण निर्माण होतात.

नंब जनुकात दोष असेल, तर दोन्ही कन्या मागचीच वाट धरतात. बाहेरचे भाग वाढतात, पण चेतापेशी होतच नाही. इंद्रिय बधिर राहते, आणि नंब या शब्दाचा अर्थही बधिर असाच आहे.

या वंशावळीत चारच पेशी आहेत, असा समज होता. 1999 मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील जी. व्ही. रेड्डी व व्हेरोनिका रॉड्रिग्स यांनी दाखवून दिले की, पुढच्या शाखेत आणखी एक विभाजन होते व त्यातून एक आधारपेशी जन्मते. फ्रान्समधील संशोधकांनीही त्याच वर्षी हाच निष्कर्ष काढला. पुढे 2003 मध्ये असे दिसून आले की, पाठीवरील या केसांच्या बाबतीत ती आधारपेशी लवकरच मरते.

ही वाटणी केवळ माशीच्या केसापुरती महत्त्वाची नाही. नंबसारखी जनुके निकामी असलेल्या अळ्यांच्या मेंदूचे तुकडे प्रौढ माश्यांच्या पोटात रोपिले असता तेथे अर्बुदे वाढतात, असे 2005 मध्ये आढळले. विभाजनाच्या वेळी वाटणी चुकली, तर थांबावयाची पेशी थांबत नाही.