पराशय : ६१ सिग्नीच्या निमित्ताने

हंस तारकासमूहातील ६१ सिग्नी हे दोन नारिंगी खुज्या ताऱ्यांचे युग्म नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसते. तेज हीच जवळिकीची खूण मानली असती, तर बेसेल यांनी ते निवडलेच नसते. पियात्सी यांनी १८०४ मध्ये दाखवलेली त्याची असाधारण निजगती त्यांना अधिक बोलकी वाटली. पृथ्वीच्या भ्रमणामुळे निरीक्षकाचे स्थान बदलते आणि जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसतो. या कोनावरून पराशय ठरतो. १८३८ मध्ये बेसेल यांना तो सुमारे ०.३१ विकला आढळला. आजचे मूल्य ०.२८६, म्हणजे अंतर ११.४ प्रकाशवर्षे. पाहणाऱ्याचे स्थानांतर हा येथे दोष नसून मोजमापाचे साधन आहे, ही गोष्ट तौलनिक अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावी. तुलनेसाठी घेतलेल्या दोन मंद ताऱ्यांनाही स्वतःचा अल्प पराशय असल्याने बेसेल यांचे माप सापेक्षच होते.